खिडकी डावीकडे

वडील कोरतात. मी डागते.
तेल्शायच्या वाटेवर, बंद पडलेल्या दूधडेअरीत
दोघांना मिळून एक बाक
आणि एकच खिडकी, डावीकडे.

फळी लिंडनची, दोन हिवाळे सुकवलेली,
नख दाबलं तर नखाची कोर उमटेल इतकी मऊ.
आमच्या भाषेत या झाडाचं आणि जुलैचं नाव एकच,
म्हणून खिडकीवर बर्फ साचलेलं असतानाही
पटाशीखालून ढलपी सुटली
की वडील म्हणतात, "जुलै तासतोय."

काम गेनोवाइतेचं.
"मधमाश्यांच्या पेट्या विकतेय यंदा. गुडघे संपले.
माझी बाग तेवढी करून द्या,
चुलीसमोर टांगायला."

वडिलांनी आधी आभाळ काढून टाकलं.
उठावाचं काम असंच:
जे वर यायला हवं त्याला हात लावायचा नाही,
भोवतीचं सगळं खाली न्यायचं,
चार मिलिमीटर, सहा, कोपऱ्यात आठ.
मग ओहोटीला खडक उघडे पडावेत
तशा पेट्या वर आल्या,
नासपतीचं झाड आलं, कुंपण आलं,
कुंपणाच्या खुंटावर पालथी घातलेली बरणी,
जी तिनं सांगितलीच नव्हती.

मग तारेची लेखणी, माझी.
लाल व्हायच्या आत तिला आवरायचं.
लाल झाली की ती लिहीत नाही, खाते.
छपरांखाली करडी रेघ,
बुंध्याला करपल्या सायीचा तपकिरी,
आणि पेटीचं दार, वडिलांनी जेमतेम
दोन मिलिमीटर खोल नेलेलं:
तिथं टोक टेकवून मनात पाच मोजले.
धूर निघाला.
आता त्या दारातून नजर हातभर आत जाते.

"फसवणूक आहे," वडील म्हणाले.
तीस वर्षं हेच म्हणतात.
"ज्याला खोली कोरता येत नाही तो रंगवतो,
ज्याला तेही येत नाही तो जाळतो. डाग आहे तो."
"डाग अंगावर मिरवायचाही असतो," मी म्हटलं,
"आणि ढगाळ दिवशी तुमची सावली कुठे जाते?"
ते पटाशीला धार लावत बसले,
तिला गरज नसताना.

मार्चमध्ये फळी घोंगडीत गुंडाळून नेली.
गेनोवाइतेच्या भिंतीला टेकवली
आणि माझ्या पोटात खड्डा पडला.
तिची खिडकी उजवीकडे.

ऊन उजवीकडून आत आलं,
वडिलांच्या पेट्यांच्या सावल्या
डावीकडे कलल्या, सूर्याच्या हुकमातल्या,
तासाभरात सरकणाऱ्या.
माझ्या मात्र उजवीकडेच,
आमच्या दुकानातल्या कुठल्याशा सकाळी अडकलेल्या.
एका पेटीला दोन सावल्या.

वडील माझ्याकडे पाहीनात.
त्या न पाहण्याचा चटका
तारेपेक्षा जास्त.
"घासून पुन्हा करून देते," मी म्हणणार,
तोवर म्हातारी फळीपाशी पोचली होती.
चष्मा कपाळावर. नाक पेटीच्या दाराशी.
तिनं एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं,
आणि तोंडाला पदर नसलेली बाई हसते तशी
सगळे दात दाखवून हसली:

"धूर दिलाय की तुम्ही.
मग आता चावायच्या नाहीत."

तिनं बोट दारात घातलं.
ते नखाच्या मुळापाशीही पोचलं नाही, तरी
तिनं ते हळूच बाहेर काढलं,
आत कुणी झोपलेलं असावं तसं.

येताना गाडीत मधाची बरणी माझ्या मांडीवर,
बर्फाचे ओहोळ रस्त्याच्या दोन्ही कडांनी.
साकी फाटा गेला. पेट्रोलपंप गेला.
"यापुढे," वडील म्हणाले,
रस्त्यावरची नजर न काढता,
"फळी निवडायच्या आधी
खिडकी कुठल्या बाजूला ते विचारत जा."